डिस्प्लेवरचं ॲव्हरेज आणि टाकीतलं ॲव्हरेज: दहा चाकीचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

गाडी म्हणजे ट्रक, दहा चाकी, 28 टनी, बीएस 6. कोल्हापूरहून साखर भरून न्हावा शेवा, येताना पनवेल-तळोज्याकडून मिळेल ते भाडं. पावसाळ्यात घेतली, आता उन्हाळा चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण डिस्प्ले टाकीपेक्षा जास्त ॲव्हरेज दाखवतो, हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असलेले ओळखीचे मालकही थोड्याफार फरकाने सांगतात.

भरती गाडीला डिस्प्ले लिटरला 4.6 किलोमीटर दाखवतो. फुल टू फुल धरलं, म्हणजे टाकी पूर्ण भरून गाडी चालवली आणि पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर लागले ते पाहिलं, की 4.3 येतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार किलोमीटरला हा पंधरा लिटरचा फरक आहे. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तर साडेतेराशे रुपये. आणि हे पंधरा लिटर कुणी काढलेले नसतात, कुठे गळलेलेही नसतात. डिस्प्लेने ते धरलेलेच नसतात. आपल्या धंद्यात ॲव्हरेज कमी पडलं की पहिलं बोट ड्रायव्हरकडे जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डिस्प्ले डिझेल मोजत नाही, हिशोब करतो. रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब किती आणि इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवला, यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अंदाज बांधतो की इतकं डिझेल गेलं असेल. त्याची बेरीज करून किलोमीटरला भागतो. टाकीतली पातळी दाखवणारा फ्लोट वेगळा, त्याचा या आकड्याशी संबंध नाही. इंजेक्टर झिजला, परतीच्या लाइनला कुठे पाझर असला, तर ते या बेरजेत येत नाही. शिवाय डिझेल उन्हात फुगतं, दहा अंशाला साधारण 0.8 टक्के. माझ्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला रीजन झालं, म्हणजे साठलेली काजळी जाळली गेली, की त्या फेरीत डिस्प्ले आणि टाकीतलं अंतर नेहमीपेक्षा वाढतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

फुल टू फुल करतानाही शिस्त लागते. तोच पंप, तेच नोझल, गाडी उभी करायची जागा तीच, शक्यतो पहाटे. नोझल कट झालं की थांबायचं नाही, फेस बसू द्यायचा आणि गळ्यापर्यंत भरायचं. एका टाकीवरून निकाल लावू नका. गाडी जरा तिरकी उभी राहिली तरी चार-पाच लिटर इकडचे तिकडे होतात, चार-पाच टाक्यांची बेरीज केली की ते आपोआप मिटतं. पंपावर शंका असेल तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि पाच लिटरमागे 25 मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. मी तपासून घेतलं, पंप बरोबर निघाला.

एक गोष्ट फार कमी लोक धरतात, ती म्हणजे टायर. किलोमीटर काटा चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरची खाच 15 मिलिमीटरच्या आसपास असते. ती घासून तीनवर आली की चाकाची त्रिज्या 12 मिलिमीटरने कमी होते, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फिरतं आणि काटा जास्त किलोमीटर दाखवतो. मग डिस्प्लेचं ॲव्हरेज वाढतं आणि फुल टू फुलचंही, कारण किलोमीटर आपण त्याच काट्यावरून घेतो. मागचे ओढणारे टायर नवे टाकल्यावर ॲव्हरेज पडलं असं वाटतं, त्यातला बराच भाग हा असतो. म्हणून मी किलोमीटर आता जीपीएसवरून घेतो.

पोर्टबाहेरच्या रांगेत एसीसाठी इंजिन चालू राहिलं की तासाला दोन लिटरच्या आसपास जातं आणि किलोमीटर शून्य. ही फेरी सरळ फेरीशी ताडून पाहू नये. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिनचा एसी सक्तीचा आहे, आणि तो हवाच. ड्रायव्हरला उन्हात भाजत ठेवून वाचवलेलं डिझेल मला नको.

मग डिस्प्ले बंद करून टाकायचा का? अजिबात नाही. चुकतो तो जवळपास सारख्याच प्रमाणात चुकतो, त्यामुळे तुलनेला तो उत्तम आहे. टायरमध्ये हवा कमी असली की दुसऱ्याच दिवशी आकडा सांगतो. आमच्या ड्रायव्हरना सगळ्यात पटलं ते घाटात. बोरघाट चढताना क्षणाचं ॲव्हरेज एकाच्या खालीवर येतं, तिथे कुणाचाच इलाज नाही. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि आकडा टोकाला जाऊन थांबतो. न्यूट्रल टाकलं की इंजिन आयडलवर येतं आणि पुन्हा डिझेल पिऊ लागतं. न्यूट्रलमध्ये उतरलं की डिझेल वाचतं, हा वर्षानुवर्षांचा समज या गाडीपुरता डिस्प्लेने डोळ्यांसमोर खोडून काढला. गिअरमध्ये उतरल्याने ब्रेक तापण्याचा धोका टळतो तो वेगळाच, आणि माझ्या मते तो डिझेलपेक्षा मोठा.

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर आकडा दुरुस्त करायची सोय नाही म्हणाले. अशी सोय नसणं चूक आहे. फुल टू फुलचा आकडा भरून डिस्प्ले जुळवून घ्यायची सोय देणं अवघड नसावं. पंधरा लिटरच्या फरकावरून माणसाची नोकरी जाऊ शकते, तिथे कंपनीने एवढं करायलाच हवं.

ती सोय येईपर्यंत आमच्याकडे असं ठरलंय: डिस्प्लेच्या आकड्यातून साडेसहा टक्के वजा करून रोजचा अंदाज घ्यायचा. ड्रायव्हरचं ॲव्हरेजचं बक्षीस मात्र महिनाभराच्या फुल टू फुलवर आणि जीपीएसच्या किलोमीटरवर, भरती आणि रिकामी फेरी वेगळी लिहून, दोघांनी डायरीवर सही करून. इंजेक्टर तपासले किंवा टायर बदलले की हे साडेसहा टक्के नव्याने काढायचे.