अनोळखी माणसांशी वाद: ‘चेंज माय व्ह्यू’च्या काही महिन्यांच्या वापरानंतर

रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर ‘चेंज माय व्ह्यू’ (माझे मत बदला) नावाचा एक विभाग आहे. कॅल टर्नबुल या स्कॉटिश मुलाने तो विशीतही पोहोचलेला नसताना, २०१३ मध्ये सुरू केला. तेथे आपण आपले एखादे मत मांडायचे, ते आपण का बाळगतो हे किमान पाचशे अक्षरांत समजावून सांगायचे आणि मग जगाच्या कोठल्याही कोपऱ्यातील माणसाला ते खोडून काढण्याची मोकळीक द्यायची, अशी त्याची रचना आहे. गेले काही महिने मी राजकारण व तत्त्वज्ञान यांसाठी हा विभाग आणि इतिहासासाठी त्याच संकेतस्थळावरील ‘आस्क हिस्टोरियन्स’ हा विभाग नियमितपणे वापरत आहे. वादाची आवड असूनही समाजमाध्यमांवरील मराठी समूहांतील हातघाईला कंटाळलेल्या वाचकांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

या विभागाचे सारे बळ त्याच्या नियमांत आहे. मत मांडणाऱ्याने पहिल्या तीन तासांत उत्तरे देण्यास सुरुवात केली नाही, तर चर्चाच काढून टाकली जाते. म्हणजे गर्दीत दगड फेकून पसार होण्याची सोय येथे नाही. मूळ लेखाला थेट दिलेल्या प्रत्येक प्रतिसादाने त्या मताच्या किमान एका बाजूला तरी विरोध केला पाहिजे किंवा खुलासा विचारला पाहिजे, त्यामुळे ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग लागत नाही. समोरचा अप्रामाणिकपणे वाद घालतो आहे असा आरोप करण्यासही बंदी आहे. एखाद्या युक्तिवादाने आपले मत थोडे जरी बदलले, तरी त्या माणसाला ‘डेल्टा’ हे पावतीचे चिन्ह द्यायचे आणि नेमके काय बदलले हे लिहायचे. खुलासा पुरेसा नसेल, तर नोंद ठेवणारा बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्राम, तो डेल्टा स्वीकारत नाही. भारतात राहणाऱ्याने एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. वाचकवर्ग मुख्यतः अमेरिकी असल्याने आपल्याकडे संध्याकाळचे सात-आठ वाजतात तेव्हा तिकडची सकाळ सुरू झालेली असते, आणि चर्चा तेव्हाच टाकणे फायद्याचे ठरते. मात्र जेवणाची वेळ त्या दिवशी पुढे ढकलावी लागते.

मी मांडलेल्या मतांपैकी सर्वांत जास्त खल झाला तो निवडणूक पद्धतीवर. भारताने लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत, स्वीकारावे, असे माझे म्हणणे होते. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, तर बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही, हा माझा मुख्य आधार होता. अशा पद्धतीने सरकारे अस्थिर होतात हे दाखवण्यासाठी इस्रायलचे उदाहरण येणार हे अपेक्षितच होते: १२० जागांची संसद, पात्रतेसाठी सव्वातीन टक्के मतांची अट आणि २०१९ ते २०२२ या काळात पाच निवडणुका. त्याला उत्तर म्हणून न्यूझीलंड आहे. तेथे १९९६ पासून मिश्र पद्धत आहे (काही खासदार मतदारसंघांतून, काही पक्षांच्या यादीतून) आणि २०११ च्या सार्वमतात लोकांनी ती कायम ठेवली. हे सवाल-जबाब वाचनीय होते, परंतु त्यांत नवे फारसे काही नव्हते.

माझे मत हलवले ते एका साध्या प्रश्नाने. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि हे आरक्षण मतदारसंघाला बांधलेले आहे. मतदारसंघच नाहीसे झाले तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आदिवासी मतदाराला स्वतःचा म्हणून ओळखता येईल असा खासदार कोण देणार, पक्षाच्या यादीवरचा क्रम ठरवणारे दिल्लीतील कार्यालय का, असे एकाने विचारले. यादी पद्धतीपुरते माझे मत बदलले आणि मी डेल्टा दिला; मिश्र पद्धतीविषयीचे मत आजही तेच आहे. या निमित्ताने मी संविधान सभेची चर्चा पुन्हा वाचली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली होती आणि साक्षरतेचा अभाव व सरकारच्या स्थैर्याची गरज ही कारणे देऊन डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला होता. आपल्या राज्यसभेची निवडणूक आजही एकल संक्रमणीय मताच्या, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देण्याच्या, प्रमाणशीर पद्धतीनेच होते, हा मुद्दा मात्र एवढ्या गर्दीत कोणीही काढला नाही. अमेरिकी वाचकांकडून ती अपेक्षा नव्हती. भारतीय म्हणवणारेही गप्प राहिले याचे नवल वाटले.

मराठी माणसाच्या दृष्टीने या जागेचा सर्वांत मोठा गुण माझ्या मते निनावीपणा हा आहे, आणि मी हे विचारपूर्वक लिहीत आहे. आपल्याकडे शिवकालावर, पेशवाईवर किंवा आरक्षणावर कोणी दोन ओळी लिहिल्या, की वाचणाऱ्याची नजर मजकुराआधी आडनावावर जाते आणि उत्तर मजकुराला नव्हे, तर आडनावाला दिले जाते. येथे आडनावच नसते. आरक्षणावरील माझ्या युक्तिवादाला कोणत्या घरातून तो आला हे न पाहता उत्तर मिळणे, हा अनुभव मला मराठीत क्वचितच आला आहे. अर्थात याची किंमत आहे. सगळे इंग्रजीत लिहावे लागते, आणि प्रत्येक वेळी तालुका म्हणजे काय, चौथाई म्हणजे काय येथपासून सुरुवात करावी लागते.

कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये या विभागातील चर्चांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मूळ लेखकाचेच शब्द परत वापरण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत मांडलेला प्रतिवाद अधिक परिणाम करतो आणि ‘कदाचित’, ‘असे असू शकेल’ अशी सावध भाषा उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. त्याचबरोबर, एकाच माणसाशी पाचाहून अधिक फेऱ्या झाल्यावर डेल्टा मिळण्याची शक्यता जवळपास उरत नाही. हा शेवटचा निष्कर्ष मला अक्षरशः पटला आहे. चौथ्या फेरीनंतर दोघेही परस्परांच्या वाक्यांतील क्रियाविशेषणांवर भांडू लागतात. मी आता तेथे आभार मानून थांबतो आणि माझी झोप सुधारली आहे.

इतिहासासाठी ‘चेंज माय व्ह्यू’ मी कोणालाही सुचवणार नाही. इतिहासात आधी पुरावा काय आहे हे कळावे लागते, आणि तीन तासांत उत्तर देण्याच्या घाईत पुरावा कोणी पाहत नाही. ‘आस्क हिस्टोरियन्स’ची पद्धत नेमकी उलट आहे. तेथे वादच नाही. प्रश्न विचारायचा आणि विषयाचा अभ्यास असलेल्या माणसाने सविस्तर उत्तर लिहीपर्यंत वाट पाहायची. अर्धवट उत्तरे, विनोद, ‘आमच्या आजोबांनी सांगितले होते’ असे किस्से सरसकट काढून टाकले जातात, त्यामुळे कित्येकदा प्रतिसादांचा आकडा मोठा दिसतो आणि पान उघडले तर रिकामे असते. गेल्या वीस वर्षांतील घटनांवर प्रश्न चालत नाहीत. ‘असे झाले असते तर’ या प्रकारालाही मज्जाव आहे, म्हणजे पानिपतात मराठे जिंकले असते तर, हा आपला राष्ट्रीय छंद तेथे चालणार नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांविषयीच्या चर्चा वाचताना या फरकाची जाणीव मला सर्वाधिक झाली. १७४१ ते १७५१ या दशकातील त्या मोहिमा आपल्या शालेय पुस्तकांत विस्ताराच्या नकाशावरील एका बाणाएवढ्याच असतात; बंगालमध्ये मात्र बर्गींची, म्हणजे मराठा स्वारांची, दहशत अंगाईगीतापर्यंत पोहोचलेली आहे. अन्यत्र हा विषय निघाला, की मराठी बाजू बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने १७४४ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीला बोलावून ठार केले याची आठवण देते, बंगाली बाजू जाळलेल्या गावांची देते, आणि दोन्ही बाजू खऱ्या घटना सांगत असूनही परस्परांना खोटे ठरवतात. इतिहासाच्या विभागात चौथाईचे अर्थकारण, फौजेचा पगार लुटीतून भागवण्याची पद्धत, रघूजी भोसले आणि पुण्याचे पेशवे यांच्यातील स्पर्धा आणि शेवटी सालीना बारा लाखांवर झालेला तह, हे एका सूत्रात मांडलेले वाचायला मिळते. अशा उत्तरासाठी कधी काही दिवस थांबावे लागते, कधी ते येतच नाही. मला तो सौदा मान्य आहे.

तत्त्वज्ञानाच्या बाबतीत माझी निराशा झाली. इच्छास्वातंत्र्य, मांसाहाराची नैतिकता, रुळांवरील पाच माणसांना वाचवण्यासाठी एकाचा बळी द्यावा की नाही, हे विषय पुनःपुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी त्याच तीन वळणांनी जातात. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे (चर्चेचे) प्रकार करून पराभव कशाने ठरतो याची बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे मूळ विधान, मध्येच बदलणे हे त्यांपैकी एक. येथे अशी कसोटी नाही. मत बदलले की नाही हे ज्याचे मत आहे तोच ठरवणार, आणि तात्त्विक प्रश्नात हळूच प्रतिज्ञा बदलून आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असे सांगणे फार सोपे असते. कोणी आकडा दाखवून तुम्हाला अडवू शकत नाही. या विषयासाठी ‘आस्क फिलॉसॉफी’ बरा. तेथे उत्तर देण्याची मुभा फक्त मान्यताप्राप्त सदस्यांना असते.

नव्याने येणाऱ्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ‘चेंज माय व्ह्यू’वर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले सतराशेहून अधिक प्रतिसाद कोणालाही न सांगता टाकले होते. त्यांत लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती, आघातपीडितांचा समुपदेशक अशी सोंगे घेतलेली होती, आणि काही प्रतिसाद तर समोरच्याच्या जुन्या लेखनावरून त्याचे वय, लिंग व राजकीय कल यांचा अंदाज बांधून बेतलेले होते. एप्रिल २०२५ मध्ये विभागाच्या नियंत्रकांनी हे उघड केले. पुढे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरले. या सोंगांनाही शंभराहून अधिक डेल्टा मिळाले होते. तेव्हापासून ‘मी स्वतः हे भोगले आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या प्रतिसादाला मी वेगळे वजन देत नाही. मला डेल्टा द्यायला लावणारा तो राखीव मतदारसंघांचा प्रश्न माणसाने विचारला की यंत्राने, हे सांगता येणार नाही. पण ८४ आणि ४७ हे आकडे मी स्वतः पडताळू शकलो, म्हणून तो डेल्टा मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही. अनुभवकथनावर उभ्या असलेल्या युक्तिवादांना मात्र मी डेल्टा देणे थांबवले आहे. खरोखर सोसलेल्या माणसांवर यात अन्याय होतो हे मला दिसते, आणि निनावी जागेत त्यावर काय उपाय करावा हे अद्याप सुचलेले नाही.