बॅटरी मेंटेनर दोन हिवाळे वापरला, आता लिहितोय

आधीच सांगून टाकतो, बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'मेलेली बॅटरी पुन्हा जिवंत' असं काहीतरी छापलेलं असतं ना, ते वाचून हा प्रकार, म्हणजे उभ्या गाडीच्या बॅटरीला महिनोन्महिने लावून ठेवायचा छोटा चार्जर, घेऊ नका. मी तेच वाचून घेतला होता आणि पहिल्याच दिवशी भरपूर शिव्या घातल्या. आता दोन हिवाळे झालेत आणि तोच डबा मी कोणाला उसना द्यायलाही तयार नसतो, तेव्हा मधे काय झालं ते सविस्तर लिहितो, ज्यांची गाडी थंडीत दोन-चार महिने एका जागी उभी असते त्यांना उपयोग होईल. रोज गाडी चालवणाऱ्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

तर त्याच्या आधीचा हिवाळा. गाडी धुतली, पुसली, टाकी फुल केली, टायरमधे थोडी जास्तीची हवा मारली, वरून कव्हर घातलं, सगळं कसं अगदी नीट, आणि बॅटरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अडीच महिन्यांनी चावी फिरवली तर खट खट खट खट, बस्स. मीटर लावला तर १० व्होल्टच्या पण खाली. जंपर केबल लावून सुरू केली, तासभर फिरवून आणली, वाटलं झालं काम, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच खट खट. मेकॅनिक म्हणाला साहेब ही गेली, आणि मी आपला त्याच्याशी वाद घालतोय की अहो दीड वर्षच झालंय घेऊन, गाडी तर उभीच होती, वापरलीच नाही तर खराब कशी होईल?

उभी होती म्हणूनच खराब झाली, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. गाडी लॉक केली म्हणजे सगळं बंद झालं असं नसतं, अलार्म जागा असतो, रिमोटची वाट बघत बसलेला रिसीव्हर जागा असतो, घड्याळ आहे, कॉम्प्युटरची मेमरी आहे, सगळे मिळून थोडं थोडं पीत बसतात. मी नंतर मोजलं तर माझ्या गाडीचं ३० मिलिअँपिअर निघालं, तेही गाडी पूर्ण झोपल्यावर, म्हणजे लॉक करून पाऊण तास थांबून. ५० पर्यंत तर नॉर्मलच धरतात. ऐकायला काहीच वाटत नाही पण हिशोब करा, दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती साठा आहे त्याचं माप), दोन महिन्यांत ४३, आणि माझी अख्खी बॅटरी ६० ची! (मोजायचं असेल तर निगेटिव्ह वायर सोडवून मीटर मधे सिरीजमधे लावायचा आणि तो लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. मी उडवलाय.) बॅटरी अशी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, सुरुवातीला ते बारीक असतात, चार्जिंग केलं की जातात, पण तसेच आठवडेच्या आठवडे गेले की घट्ट होऊन बसतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून गेला तो गेलाच.

थंडीबद्दल अजून एक गैरसमज असतो. बॅटरी स्वतःहून उतरायचा वेग थंडीत उलट कमी होतो, म्हणून लोकांना वाटतं थंडीत ती सुरक्षित. सुटी काढून ठेवली असेल तर ते बरोबरच आहे, पण गाडीला जोडलेली असेल तर ते ३० मिलिअँपिअर काही थंडी वाजते म्हणून थांबत नाहीत. शिवाय उणे १८ डिग्रीला बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि त्याच वेळी ऑईल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो, म्हणजे दोन्हीकडून मार. आणि गोठण्याचं म्हणाल तर फुल चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे ५० पर्यंत सुद्धा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ॲसिड कमी आणि पाणी जास्त झालेलं असतं, ते उणे सात-आठलाच गोठू शकतं. बॅटरी गोठलेली, फुगलेली किंवा तडा गेलेली दिसली तर तिला कुठलाही चार्जर लावायचा नाही, स्फोट होऊ शकतो.

आता वस्तूवर येतो. माझा १ अँपिअरचा आहे, तळहातावर मावतो, एका बाजूला प्लग, दुसऱ्या बाजूला दोन चिमटे आणि वर तीन-चार दिवे. सोबत गोल लग (बोल्टमधे अडकवायची कडी) असलेली एक जादा वायर येते तिच्यात फ्यूज असतो, ती बॅटरीला कायमची बोल्टने आवळून ठेवायची आणि नुसता सॉकेट बाहेर काढून ठेवायचा.

पहिल्या दिवशी घाईघाईने त्या जुन्या बॅटरीला लावला, जिवंत करायची होती ना. लाल दिवा लुकलुकला आणि ढिम्म. परत काढून लावला, ढिम्म. कारण साधं आहे, हे स्मार्ट चार्जर आधी बॅटरीचा व्होल्टेज बघतात आणि तो फारच खाली असला तर समोर बॅटरी आहे हेच मान्य करत नाहीत. मग मी कुठेतरी ऐकलेली युक्ती केली, बाजूला एक चांगली बॅटरी जंपरने जोडून त्याला फसवलं, तेव्हा चालू झाला, दीड दिवसाने हिरवा दिवा लागला, मी खूश. चार्जर काढून एक रात्र ठेवली तर सकाळी १२.१ व्होल्ट. म्हणजे अर्ध्या चार्जच्या पण खाली, काहीही न करता. बॅटरी खरंच गेलेली होती, मेकॅनिक बरोबर होता आणि माझा दीड दिवस वाया. यात चार्जरची चूक नाही, बॉक्सवर ज्याने ते वाक्य छापलं त्याची आहे.

मग नवीन बॅटरी आणली आणि पुढच्या थंडीला हा लावून ठेवला, तिथून पुढे मात्र बोलायला जागा नाही. आधी १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन भरतो, मग तिथेच धरून ठेवून करंट हळूहळू कमी करतो, आणि भरली की १३.५ च्या आसपास येऊन नुसता पहारा देत बसतो, गाडी जेवढं पिते तेवढंच परत ओततो. मी दर पंधरा दिवसांनी मीटर घेऊन जायचो (बायको म्हणायची पेशंट बघायला चाललास का), दर वेळेला १३.५, १३.४, १३.५. चार महिन्यांनी चार्जर काढला, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो, १२.७. फुल. चावी फिरवली तर अर्ध्या सेल्फला सुरू, मी कानाला हात लावला. दुसऱ्या हिवाळ्यालाही तेच, त्यामुळे लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की माझ्याकडे आधी एक जुना जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर होता, त्याला भरली का नाही काही कळायचं नाही, आपला सारखा करंट सोडतच राहायचा. एकदा शनिवारी लावला, विसरलो, सोमवारी आठवलं तेव्हा सडलेल्या अंड्यासारखा वास, बॅटरी हाताला गरम, आणि झाकणं उघडून बघतो तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. तेव्हा कोणी साधा ट्रिकल चार्जर देत असेल आणि म्हणत असेल की एकच आहे हो सगळं, तर एकच नाहीये. बॅटरी भरल्यावर आपणहून खाली येतो का एवढंच विचारा.

लावताना काय करायचं ते पण लिहितो कारण सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे. आधी लाल पॉझिटिव्हला, मग काळा, आणि तो काळा बॅटरीच्या निगेटिव्हला न लावता जरा लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडावर, आणि सगळ्यात शेवटी भिंतीतला स्विच चालू. काढताना बरोब्बर उलट. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथेच ठिणगी नको म्हणून हे सगळं, आणि म्हणूनच एकदम बंदिस्त हवा नसलेल्या जागी पण नको. दुसरं म्हणजे नवीन गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो जो किती करंट आत गेला किती बाहेर गेला मोजतो, काळा चिमटा थेट टर्मिनलला लावला तर तुम्ही भरलेलं त्याच्या हिशोबात येतच नाही, बॉडीला लावला की येतं.

आणि हो, लावायच्या आधी बॅटरी पूर्ण भरून घ्या, कारण ह्याच्या १ अँपिअरवर अर्धी उतरलेली ६० ची बॅटरी भरायला किमान तीस तास, आणि शेवटचा टप्पा हळू असतो म्हणून प्रत्यक्षात दोन दिवस धराच. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाका, आधी टाकलं तर चार्ज होताना वर येऊन सांडतं, फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं आधी टाकायचं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ती खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते, सुकल्यावर वरून व्हॅसलीन.

आता तक्रारी. चिमटे भिकार आहेत, स्प्रिंग ढिला, बोनेट जरा जोरात लावलं की एक निसटतो, म्हणून मी ती गोल लगवालीच वायर वापरतो. वायर आखूड आहे, सॉकेट लांब असेल तर एक्स्टेन्शन लागणारच. आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे त्याच्यावर बर्फाच्या चांदणीचं बटण आहे, थंडीसाठी, ते दाबलं की १४.४ ऐवजी १४.७ पर्यंत नेतो, कारण थंड बॅटरीला भरायला व्होल्टेज जास्त लागतो, इथपर्यंत छान. पण लाईट जाऊन आली की हा पठ्ठ्या चांदणी विसरतो आणि साध्या मोडवर सुरू होतो! ज्या सीझनसाठी बटण दिलंय त्याच सीझनमधे. थोडे जास्तीचे पैसे टाकून तापमानाचा सेन्सर असलेला मिळत असेल तर तो घ्या, तो आपलं आपण बघतो. मी यासाठी एक स्टार कापला, पाचपैकी चार.

लाईट बिलाचं विचाराल तर पहाऱ्याला बसल्यावर दोन-तीन वॅट खातो, म्हणजे महिन्याला दोनेक युनिट, ते सोडा.

बाकीचे उपाय पण मी करून पाहिलेत. दर आठवड्याला दहा मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची, हे तर प्रत्येक जण सांगतो आणि ते सगळ्यात फालतू आहे. माझ्या गाडीचं आठवड्याचं पिणं ५ अँपिअर-अवर, ते दहा मिनिटांत परत भरायचं तर बॅटरीत सलग ३० अँपिअर गेले पाहिजेत, गार बॅटरी एवढं घेतच नाही, त्यात लाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर चालू असला तर संपलंच. वर इंजिन धड गरम होत नाही, सायलेन्सरमधे पाणी साठतं, ऑईलमधे पेट्रोल उतरतं. चालवायचीच असेल तर चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका.

निगेटिव्ह काढून ठेवणे हा मात्र खरंच चांगला उपाय आहे आणि फुकट आहे, जवळ सॉकेट नसेल तर हाच करा. फुल चार्ज करून निगेटिव्ह काढली तर थंडीत तीन-चार महिने सहज निघतात. त्रास एवढाच की घड्याळ, रेडिओचा कोड, काचांचं एका दाबात वर जाणं, हे सगळं परत शिकवावं लागतं, आणि अलार्म अर्थातच बंद. बॅटरी पूर्ण काढून घरात आणली तरी चालतं, सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर उतरते हे जुन्या बॅटऱ्यांच्या काळातलं आहे, आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशी काय नि लाकूड काय. सोलरवाला छोटा पॅनल पण मिळतो, पण माझी गाडी शेडमधे आणि वर कव्हर, त्याला ऊन कुठून दाखवू.

एकाच प्रकारच्या लोकांनी हा घेऊ नये, ज्यांच्या गाडीत लिथियमची १२ व्होल्ट बॅटरी बसवलीय त्यांनी. तिला तिचा वेगळा चार्जर लागतो आणि शून्याच्या खाली ती चार्ज करायचीच नसते. एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) असेल तर चालतो, फक्त तुमच्या चार्जरवर एजीएम लिहिलेलं आहे का बघून घ्या. इलेक्ट्रिक आणि हायब्रिडवाल्यांनी पण हसू नका, तुमच्यात सुद्धा बहुतेक वेळा एक छोटी १२ व्होल्टची असते आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पहिल्या हिवाळ्यानंतर गाडी बाहेर काढताना मी एवढा खूश होतो की प्लग काढायचाच विसरलो, रिव्हर्स घेतली आणि मागून ओरडा आला तेव्हा वायर ताणून अगदी तुटायच्या बेतात होती. तेव्हापासून मुलाने एक पुठ्ठा केलाय, 'बाबा वायर', तो चार महिने स्टिअरिंगला लटकलेला असतो.