स्टाइनरनेमा फेल्टिए: एकच पाकीट, दोन कुंड्या, दोन निकाल

सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिसूक्ष्म कृमी, म्हटले की नाशिककडच्या माणसाला टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. त्यामुळे स्टाइनरनेमा फेल्टिए नावाचे, मातीतल्या अळ्या मारणारे सूत्रकृमी पैसे मोजून विकत घ्यायचे आणि आपल्याच हाताने कुंडीत सोडायचे, हे पचनी पडायला मला वेळ लागला.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात गांजाची चारपर्यंत रोपे कायद्याने वाढवता येतात. तळघरात दिव्यांखाली ठेवलेल्या माझ्या चारपैकी दोन रोपांची खालची पाने पिवळी पडली, तेव्हा मी आधी खत वाढवले आणि तिथेच चुकलो. कच्च्या बटाट्याची चकती पहिल्या कुंडीच्या मातीवर ठेवून दोन दिवसांनी उचलली, तर खाली काळ्या डोक्याच्या, जवळजवळ पारदर्शक अळ्यांची दाटी होती. ही ओल्या मातीत वाढणाऱ्या बारीक चिलटांची पिलावळ. ती बुरशीबरोबर केशमुळेही कुरतडते, आणि त्या जखमांतून पिथियम, फ्युजेरियम यांसारख्या मूळकुजीच्या रोगकारकांना वाट मिळते.

या अळ्यांसाठी मी सूत्रकृमींचे पाकीट आणून दोन्ही कुंड्यांत वापरले. पाकिटात पन्नास लाख सूत्रकृमी असतात; ते डोळ्यांना दिसत नाहीत, दिसते ती केवळ ओलसर भुकटी. हे जिवंत औषध असल्याने ते फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि मुदतीच्या आत संपवावे लागते. भुकटी थंड पाण्यात कालवून, आधीच भिजवलेल्या मातीत संध्याकाळी झारीने घालावी आणि झारी सतत हलवत राहावे, कारण सूत्रकृमी लगेच तळाशी बसतात. अळीच्या शरीरात शिरून ते आपल्याबरोबरचे जिवाणू सोडतात आणि अळी एकदोन दिवसांत मरते. उडणाऱ्या चिलटांवर मात्र त्यांचा काही उपयोग नाही, म्हणून पिवळे चिकट सापळे लावावेच लागतात. दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा दिल्यावर पहिल्या कुंडीवरचे सापळे जवळजवळ रिकामे राहू लागले आणि नवा पाला हिरवा आला.

दुसऱ्या कुंडीत तसूभरही फरक पडला नाही. शेवटी रोप कुंडीतून अलगद काढले, तेव्हा मातीच्या गोळ्याच्या कडेला पांढरट मेणासारखा थर आणि मुळांना चिकटलेले बारीक किडे आढळले. भिंगातून पाहता त्यांच्या पाठीमागच्या टोकाला दोन आखूड नळ्या दिसल्या, म्हणजे तो मुळांवरचा मावा होता. पाकिटाच्या पाठीवर माव्याचे नावही उपयोगांच्या यादीत छापलेले आहे. माझा अनुभव त्याच्या अगदी उलट आहे, आणि या छपाईबद्दल विक्रेत्याला मी एक तारा कमी देतो. चिलटांसाठी हे पाकीट मी पुन्हा घेईन, परंतु त्याआधी बटाट्याची चकती ठेवीन आणि मुळेही पाहीन. ते दुसरे रोप मी मातीसकट पिशवीत बांधून टाकून दिले आणि उरलेल्या तीन कुंड्या एकमेकींपासून दूर सरकवल्या.