रिपोर्टचं बटण नुसतं शोभेला, २ स्टार

बाकी हे एरियातल्या बातम्या-गप्पांचं अ‍ॅप चांगलं आहे हां, आधीच सांगते. बडोद्यात मांडवीला कुठे जाम लागलाय, रावपुऱ्यात पाणी कधी येणार, सगळं घरबसल्या कळतं, मेनू पण मराठीत आहे. स्टार कापले ते वाईट कमेंटची तक्रार करायच्या रिपोर्टवाल्या सोयीचे.

आमच्या एरियात कुणाची बाईक चोरीला गेली की पहिली कमेंट ठरलेली, यूपी-बिहारवाल्यांना हाकला, ह्यांना घरं भाड्याने देऊ नका, आणि पुढे जे लिहितात ते इथे लिहिण्यासारखं नाही. लाइक करणाऱ्यांत आपले मराठी पण असतात, अरे आपण पण गायकवाडांच्या मागे बाहेरूनच आलो ना बडोद्यात! रिपोर्ट केलं की उत्तर येतं, नियमभंग आढळला नाही. इंग्रजीतली शिवी लगेच उडते पण गुजरातीत लिहा नाहीतर हिंदी इंग्रजी अक्षरांत टाइप करा, काही होत नाही. म्हणजे वाचणारं कोणी बसवलंच नाहीये.

म्यानमारमध्ये फेसबुकचं हेच झालेलं, तिथली बर्मी भाषा वाचणारी माणसं अगदी कमी आणि रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध वाट्टेल ते फिरत राहिलं. २०१७ च्या ऑगस्टनंतर ७ लाखांवर लोक बांगलादेशात पळाले, आणि आम्ही कमी पडलो हे कंपनीने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मान्य केलं.

इतक्या लांब कशाला जा, त्याच वर्षी आपल्याकडे गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात एका तान्ह्या मुलीवर अत्याचार झाला, पकडला गेला तो बिहारचा मजूर, आणि मोबाईलवर सगळ्याच हिंदीवाल्यांविरुद्ध मेसेज सुटले. मारहाण झाली, ऐन नवरात्राच्या तोंडावर हजारो लोक सामान घेऊन गावी गेले. पोलिसांनी शेकडो जण धरले, त्यात नुसत्या पोस्ट टाकणारे पण होते.

आमच्या सोसायटीत यूपीचा एक मुलगा भाड्याने राहतो, कंपनीत कामाला, आधी सगळ्यात मिसळायचा. असल्या कमेंटा वाचून त्याने ग्रुप सोडला आणि यंदा गरब्याला खाली पण आला नाही, कोणी विचारलं पण नाही का ते.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड ठेवलं तसं काहीतरी ह्यांनी पण करावं, आणि रिपोर्ट करताना भाषा निवडायला द्या, ती भाषा येणारा माणूस बसवा, अ‍ॅडमिनला कमेंट थांबवून ठेवायची सोय द्या. एवढं केलं तर तिसरा स्टार नक्की. डार्क मोड मस्त आहे बाकी.