ट्यूब्युलर का लिथियम? कॅम्पर व्हॅनच्या मागच्या बॅटरीबद्दल

आमच्या व्हॅनमध्ये आधी घरच्या इन्व्हर्टरला लावतात तीच १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी बसवलेली, स्वस्तात पडली, कुठल्याही गावात बॅटरीवाल्याला कळते, पण वजन ५० किलोच्या वर आणि निम्म्याच्या खाली सारखी उतरवली की आयुष्य घटतं, म्हणजे कागदावर १५० असली तरी हातात ७५च. लिथियम म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १०० एएचची साधारण १२-१३ किलो, एकट्याने उचलता येते आणि ८०-९० टक्के बिनधास्त वापरा. फ्रिज, पंखा, दोन लाइट रात्रभर चालून सकाळी चहापुरतं उरतं. केटल मात्र जपून हां, १००० वॉटची केटल इन्व्हर्टरवर लावली की १२ व्होल्टच्या वायरीतून शंभरेक अँपिअर जातात, माझा एक नट सैल राहिलेला तर वायरीचं कव्हर मऊ पडून जळका वास सुटला होता. फ्यूज बॅटरीच्या प्लसला चिकटूनच हवा, बॅटरी कुठलीही असो.

ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद पेटीत ठेवून वर गादी टाकून झोपायचं नाही, व्हेंट बाहेर काढा. लिथियमला ती कटकट नाही पण ० डिग्रीखाली चार्ज करायची नाही, स्पितीत हिवाळ्यात सकाळी सोलर सुरू झालं आणि बीएमएसने (बॅटरीतलं सेल जपणारं सर्किट) अडवलं नाही तर सेलची कायमची वाट लागते. शिवाय गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालणारा जनरेटर) डायरेक्ट जोडली तर इतका करंट खेचते की तोच तापून जाईल, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर घ्या, तो खर्च आधीच धरा.

वर्षातून दोनदा कोकणात जाणार असाल तर ट्यूब्युलर चालेल, डिस्टिल्ड वॉटर तेवढं विसरू नका. मी लिथियम घेतली, निम्मी तर कंबरेसाठीच.