अख्खं आयुष्य की एकच पर्व? चरित्रपट लिहायला बसण्याआधी

चरित्रपट लिहायला घेतला की मुख्य भूमिकेत कोण, याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं घ्यायचं, की एकच पर्व उचलायचं? एकाच व्यक्तीवर मी दोन्ही तऱ्हांनी पटकथा लिहून पाहिली, म्हणून हे चार शब्द.

अख्खं आयुष्य निर्मात्याला पटकन पटतं. चढउतार आयते मिळतात, वारसही खूश. पण ‘अख्खं’ म्हणतात ते तरी कुठे अख्खं असतं? १९८२चा ‘गांधी’ हत्येपासून सुरू होतो आणि थेट १८९३च्या दक्षिण आफ्रिकेत जातो. बालपण, लंडन, सगळं गाळलेलं. तरीही पंचावन्न वर्षं १९१ मिनिटांत बसवायची, म्हणजे वर्षाला साडेतीन मिनिटं! कोणाचंही आयुष्य एका कथनात मावत नाही, अशी कबुली देणारी पाटी त्या चित्रपटाने सुरुवातीलाच टाकली आहे.

वय वाढवणारा मेकअप, तीन वयांना तीन नट, याबद्दल सगळेच बोलतात. ते निभावतं. मला छळलं ते ओळखींनी. थोर माणसाच्या आयुष्यात दुसरी थोर माणसं येणारच, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात तो कोण हे प्रेक्षकाला कळायला हवं. मग संवाद असे होतात: “या, या! तुमच्या वर्तमानपत्रातला कालचा अग्रलेख वाचला.” रोज घरी येणाऱ्या मित्राशी असं कोण बोलतं? नायकाच्या तोंडी सख्ख्या भावासाठी “तू माझा धाकटा भाऊ असूनही...” असं वाक्य आलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. मोजले तर पहिल्या खर्ड्यात असे सतरा-अठरा प्रवेश निघाले. पडद्यावर नावाच्या पाट्या टाकून पाहिल्या, तर ऐकणाऱ्यांना माहितीपट वाटू लागला. पाट्या काढल्या, तर दर पाच मिनिटांनी “हा कोण?” कसलेल्या लेखकाला यातून वाट सापडत असेलही, मला सापडली नाही.

एक पर्व घेतलं की माणसं पाच-सहाच उरतात आणि तीच पुन्हापुन्हा भेटतात. २०१२चा ‘लिंकन’ १८६५च्या पहिल्या चार महिन्यांतच राहतो, त्यातही मुख्यतः गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीच्या मतदानाभोवती. अर्थात भिंगाखाली धरलं की चूकही मोठी दिसते. त्यात कनेक्टिकटचे दोन प्रतिनिधी विरोधात मत देतात. प्रत्यक्षात त्या राज्याच्या चारही जणांनी बाजूने मत दिलं होतं. आयुष्यभराच्या घाईत ही गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानातही आली नसती.

शिवाय हातचं बरंच सुटतं. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या, म्हणजे १९१३च्या आसपासच्या खटाटोपाची गोष्ट सांगते. फाळके पुढे १९४४पर्यंत जगले, बोलपट आल्यावर मागे पडले. तो उतार तिथे नाही. तुम्हाला नेमका तोच सांगायचा असेल, तर पर्व वेगळं निवडावं लागेल.

वारसांचा प्रश्न दोन्हीकडे असतो, पण सारखा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या आर. राजगोपाल खटल्यात, सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या मजकुराला सहसा संमती लागत नाही, अशी भूमिका घेतली. एखादा खटला, निवडणूक किंवा आंदोलन निवडलं, तर बरंचसं नोंदींतच सापडतं. अख्ख्या आयुष्यात लग्न, भाऊबंदकी, आजारपण येतं. तिथे नोंदी संपतात आणि घरच्यांची मर्जी सुरू होते. (वकिलाला विचाराच. माझं ज्ञान ऐकीव नसलं तरी वकिलाचं नाही.)

तुमची व्यक्ती फारशी कोणाला ठाऊक नसेल, तर आयुष्यभराचा आलेख घेण्यात अर्थ असेल, मी नाही म्हणणार नाही. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात नायक पहिल्या प्रसंगापासून पन्नाशीचाच आहे. धाकटा भाऊ अजूनही आहे, पण तो कोण हे कोणीच बोलून दाखवत नाही. वाचन झालं तेव्हा कोणी विचारलंही नाही.