2,100 रुपयांची वेळ दुसऱ्याच बाळाला

मी बँकेत कॅश काउंटरला बसते. ‘काउंटर सोडल्यावर तक्रार चालणार नाही’ ही पाटी माझ्याच डोक्यावर लावलेली आहे. तरी लिहिते.

सेवा: सिझेरियनचा मुहूर्त काढून देणे. ठिकाण: पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. ज्योतिषीबुवांचं नाव देत नाही, कारण घडलं त्यात त्यांची चूक किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं बाळ पायाळू होतं. डोकं वर, ढुंगण खाली, आणि शेवटपर्यंत फिरायला तयार नाही. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून सासूबाईंनी आधी धसका घेतला, मग पायाळूला गुप्तधन दिसतं हे आठवून थोड्या सावरल्या. डॉक्टर म्हणाल्या, 39 आठवडे पूर्ण झाले की सिझर करू. मंगळवार किंवा गुरुवार, तुम्ही सांगा. त्या ‘तुम्ही सांगा’ने घात केला. वेळ आपोआप आली असती तर कुणी काही बोललं नसतं. निवडायची म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग चांगलीच निवडू की!”

बुवांकडे गेलो. बसायला पाठ नसलेलं स्टूल. नववा महिना लागलेल्या बाईला स्टूल देणाऱ्यांचा एक तारा मी तिथेच कापला. पण माणूस सरळ. पहिला प्रश्न, “डॉक्टरांनी कधीपासून परवानगी दिली आहे?” त्याच्या आधीचा दिवस ते बघायलाही तयार नव्हते. सासूबाईंनी आदल्या आठवड्यातली एक तिथी सुचवली, तर म्हणाले, “पत्रिकेसाठी लेकराला घाईनं बाहेर काढायचं नसतं, वहिनी.” इथे कापलेला तारा परत दिला.

मग गणित समजावलं, आणि ते मला आवडलं. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे गुरुवार ठरला तिथेच रास आणि नक्षत्र जवळपास ठरलं, आणि ते ठरवलं डॉक्टरांच्या ऑपरेशनच्या वारांनी. बुवांच्या हातात उरलं लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. ते साधारण दोन तासांनी बदलतं, त्यात नऊ नवमांश, एकेक तेरा-चौदा मिनिटांचा. दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर अकरा पानांची पीडीएफ आली. गुरुवार, धनू लग्न, 8.50 ते 9.04. लग्नेश, म्हणजे त्या राशीचा स्वामी, गुरू. सासूबाईंनी मोबाइलला नमस्कार केला.

मी विचारलं, जन्म नक्की कधी धरायचा? यावर ज्योतिषांत एकमत नाही म्हणे. कुणी डोकं दिसलं ती वेळ धरतं, कुणी पहिलं रडणं, कुणी नाळ कापली ती. आमचं तर डोकंच शेवटी येणार होतं. बुवांनी चष्मा पुसला, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, “रडणं धरा.”

आणखी एक विचारलं. सगळं लिहिलेलंच असेल तर हे 14 मिनिटांचं काय? त्यांनी कर्माचे तीन प्रकार सांगितले: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. भात्यातले बाण, सुटलेला बाण, हातातला बाण. “मग सिझर कशात बसतं?” “क्रियमाण. हातातला.” उत्तर पटलं. 2,100 रुपये यूपीआयने दिले. पावती मिळाली नाही. मागितली तेव्हा दोघेही अवघडलो.

गुरुवारी पहाटे साडेसहाला रुग्णालयात हजर. रात्रीपासून पोटात पाणी नाही. 8.20 ला मी हिरव्या गाऊनमध्ये, सलाइन लावून, थिएटरच्या दाराबाहेर. तेवढ्यात आतल्या लिफ्टमधून एक बाई धावत आणली. स्ट्रेचरच्या कडेला धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. बाळाचे ठोके घसरत होते. भूलतज्ज्ञ एकच होत्या आणि त्या माझ्याकडे बघायला थांबल्यासुद्धा नाहीत. थांबायला नकोच होतं.

भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. 8.50 झाले. मग दाराआडून रडण्याचा आवाज आला, बारीक, पण चिडका. मी घड्याळ बघितलं: 8.58. आम्ही विकत घेतलेली मिनिटं, तोच नवमांश, तेच धनू लग्न, आणि रडणंच धरायचं ठरलेलं होतं. मला हसू आलं, आणि सिस्टरना वाटलं मी घाबरले.

माझी मुलगी 10.23 ला रडली. धनू संपून मकर लागलं होतं. सासूबाईंच्या भाषेत गुरूच्या घरातून शनीच्या घरात.

संध्याकाळी नवऱ्याने बुवांना फोन केला. ते म्हणाले, “वेळ मी काढून दिली. मिळणं प्रारब्धात नव्हतं.” म्हणजे बाण हातातला होता तोवर 2,100 रुपये, सुटल्यावर जबाबदारी नाही. पण 10.23 ची पत्रिका फुकट करून दिली, आणि तीही उत्तम निघाली. मकर लग्नाची माणसं कष्टाळू असतात म्हणे.

माझा भाऊ भेटायला आला तेव्हा त्याने जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेली चाचणी सांगितली. हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या. प्रत्येकाला 40. उत्तरं पाठवली 27 जणांनी, सर्वांत जास्त बरोबर आली 24, आणि सरासरी नाणं उडवून येईल त्याहूनही कमी. सासूबाई म्हणाल्या, “त्यात आपले बुवा नसतील.” भावाने पेढा खाल्ला आणि गप्प बसला.

ती बाई तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भेटली, भिंतीला धरून चालत होती, माझ्यासारखीच. मुलगा झाला होता. काचेच्या पेटीत होता, पण धोका टळला होता. तिने विचारलं, “तुमचा नंबर होता ना? माझ्यामुळे थांबावं लागलं.” मी म्हटलं, काही नाही हो. पत्रिका केली का, असं विचारणार होते. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, गडबडीत घातलेल्या. विचारलं नाही.

तारे: पाचपैकी तीन. गणित चोख, बोलणं स्वच्छ, स्टूल बदला, पावती द्या. घरात वाद घालायचा नसेल तर 2,100 महाग नाहीत. मला ते पूर्ण वसूल झाले. वेळेची हमी हवी असेल तर तिथे ती मिळत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं.

पाचव्या दिवशी घरी आलो. संध्याकाळी सासूबाईंनी पाचवी पूजली, सटवाईने रात्री येऊन नशीब लिहावं म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. दोनला मुलगी उठली. किती वाजता आणि किती वेळ पाजलं ते लिहून ठेवा, असं सिस्टरनी बजावलं होतं. अंधारात दुसरा कागद सापडेना. मी तोच ओढला आणि लिहिलं: 2.10, डावीकडे, 15 मिनिटं.